प्रभुभोजनाला झालेला उशीर

आमच्या चर्चमध्ये एका रविवारी प्रभुभोजन पंचेचाळीस मिनिटं उशिरा झालं, आणि तो उशीर माझ्यामुळे झाला. आजवर मी चर्चची पुष्कळ कामं केली. नाताळात करंज्या तळल्या, पडदे शिवले, दोनदा महिला मंडळाची सेक्रेटरी झाले. पण यातलं सगळ्यांत चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं, तर मी तो उशीर सांगते. लोकांना वाटतं, बाई थट्टा करतेय. मी अजिबात थट्टा करत नाही.

आमची मंडळी लहान आहे. कळंबोली, रोडपाली, खांदा कॉलनी, विचुंबे अशा चारी बाजूंनी लोक येतात आणि बाकं भरली की आम्ही साठ-सत्तर जण होतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पकडला जाण्यापूर्वी येशूनं शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं, भाकर मोडली, प्याला दिला, त्याची ती आठवण. प्रत्येकाला पावाचा एक बारीक तुकडा मिळतो आणि अंगठ्याएवढ्या पेल्यात द्राक्षरस. हा रस बाजारातून येत नाही, तो मी करते. काळ्या मनुका देठ काढून निवडायच्या, शुक्रवारी भिजत घालायच्या, शनिवारी त्याच पाण्यात मंद आचेवर शिजवायच्या, रवीनं घोटायच्या, मलमलच्या फडक्यातून पिळायच्या आणि पुन्हा एक उकळी द्यायची. एखादी बी कुणाच्या दाताखाली आली तर माझी नाचक्की. बावीस वर्षांत ती वेळ आली नव्हती.

मला याचा भारी अभिमान होता. आमच्या घरात देवाचं आधी, बाकी सगळं नंतर, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मुलाचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशीसुद्धा मी आधी मनुका निवडल्या आणि मग त्याला टक्के विचारले. भाचीच्या हळदीतून मी अर्ध्यात उठून आले, कारण दुसऱ्या दिवशी पहिला रविवार होता. बहीण सहा महिने धड बोलली नाही. मला वाटलं, प्रभूसाठी एवढं सोसायलाच हवं.

एक गोष्ट मात्र कधी माझ्या लक्षातच आली नाही. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, आमच्याकडे पूर्वतयारीची सभा असते. उद्या प्रभुभोजनाच्या मेजापाशी येण्याआधी प्रत्येकानं आपलं मन तपासून बघावं, यासाठी. ती सभा चालू असायची तेव्हा मी चर्चच्या मागच्या खोलीत गॅसपाशी उभी असायची. भिंतीपलीकडून गाणी ऐकू यायची, प्रार्थनेचं गुणगुणणं ऐकू यायचं, आणि मी रस घोटत असायची. बावीस वर्षं मी सगळ्यांची तयारी केली आणि तयारीच्या सभेला एकदाही बसले नाही.

आता माझ्या जावेबद्दल सांगायला हवं, म्हणजे माझ्या धाकट्या दिराच्या बायकोबद्दल. ती उरणकडच्या गावातली, मिठागरात राबणाऱ्या घरातली. लग्नाआधी वर्षभर चर्चला येत होती, मग तिनं बाप्तिस्मा घेतला, मग लग्न झालं. आमच्या माहेरी तीन पिढ्यांचा विश्वास, आजोबा मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे पंच, आणि काका पाळक, म्हणजे धर्मगुरू. त्यामुळे ही 'हाय' आणि 'नाय' करणारी, चौथीपर्यंत शिकलेली मुलगी घरात आली तेव्हा मी नाक मुरडलं. उघडपणे कधी काही बोलले नाही. मी फक्त तिचं बोलणं सुधारत राहिले, आणि ते चार लोकांसमोर.

सासूबाई आधी आमच्याकडे नवीन पनवेलला होत्या. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्यांचे गुडघे गेले, पाठोपाठ नजर गेली. मग शेवटची दोन वर्षं त्या धाकट्याकडे विचुंब्याला राहिल्या. तिथं तळमजला होता. मलाही ते सोयीचं पडलं. चर्चची एवढी कामं अंगावर असताना घरात आजारी माणूस कसं सांभाळणार, असं मी म्हणायची, आणि लोक माना डोलवायचे.

सासूबाईंना रोज दुपारी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ऐकायचं असे. त्यांचं शास्त्र जुनं, जाड, काळ्या कातडी पुठ्ठ्याचं. पहिल्या कोऱ्या पानांवर आमच्या घराण्यातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू लिहिलेले. आता ते माझी जाऊ वाचून दाखवायला लागली. सुरुवातीला एका ओळीला पाच मिनिटं लागायची. सासूबाईंना निम्मं शास्त्र तोंडपाठ, ही अडली की त्या पुढचा शब्द सांगायच्या. एकदा मी भेटायला गेले तेव्हा दारातच हे ऐकलं. घरी येऊन मी आमच्या मिस्टरांना तिच्या अडखळण्याची नक्कल करून दाखवली. ते हसले नाहीत. मग मी तीच नक्कल महिला मंडळात केली, आणि तिथं बायका हसल्या.

सासूबाई गेल्या. दफनविधी झाल्यावर सगळे विचुंब्याच्या घरी परतलो. त्यांच्या उशाशी शास्त्र तसंच होतं. मी ते उचलून पिशवीत घातलं आणि म्हणाले, "हे घराण्याचं आहे. मोठ्या घरी राहील." जाऊ चहाचे कप गोळा करत होती. तिनं वर बघितलं आणि कप घेऊन आत गेली. आठवड्यानं ती तीन मजले चढून माझ्याकडे आली.

"ताई, तेवढा शास्त्र मना द्याल काय?" ती म्हणाली. "आईंचा आवाज हाय त्यात."

"तुला काय करायचंय ते?" मी म्हणाले. "अडखळायला?"

ती पाणीही न पिता उतरून गेली. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही. आमचे मिस्टर आणि त्यांचा भाऊ एसटी स्टँडजवळच्या टपरीवर चोरून चहाला भेटायचे. मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. चर्चमध्ये जाऊ सगळ्यांत मागच्या बाकावर बसायची. दर रविवारी उशिरा यायची, आणि पायांवर धूळ असायची. मी मागं वळून बघायची आणि मनात म्हणायची, हिला रविवारीसुद्धा वेळेवर उठवत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती प्रभुभोजन घेत नव्हती. सगळे उठून पुढं जायचे, ही खाली मान घालून बसून राहायची. माझ्या हातचा रस नको असेल, असं आधी वाटलं. नंतर मी ठरवून टाकलं की हिच्याच मनाला काहीतरी टोचत असणार.

त्या शनिवारी मी नेहमीसारखी चर्चच्या मागच्या खोलीत मनुका घेऊन गेले आणि गॅस पेटेना. सिलिंडर संपला होता. दुसरा सकाळशिवाय मिळणार नव्हता. मी भिजलेल्या मनुकांचं पातेलं पिशवीत बांधलं, म्हटलं घरी जाऊन शिजवते. पण स्कूटरची किल्ली मिस्टरांकडे आणि मिस्टर सभेत बसलेले. मी खिडकीतून खुणा केल्या. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. शेवटी चडफडत मी आत जाऊन त्यांच्या शेजारी बसले, पातेलं मांडीवर घेऊन.

आमचे पाळकसाहेब वर्षभरापूर्वीच आले होते, वयानं माझ्या मुलाएवढे. ते येशूची एक शिकवण समजावून सांगत होते, आणि ती मी लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवून त्यानं आधी जावं, समेट करावा, आणि मगच येऊन अर्पण करावं. मी मनात पावाचे तुकडे मोजत होते. तेवढ्यात ते म्हणाले, "इथं एक गोष्ट बघा. तुमच्या मनात कुणाविरुद्ध काही आहे का, असं येशूनं इथं विचारलेलंच नाही. दुसऱ्याच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे का, ते विचारलंय."

माझा हात पातेल्याच्या झाकणावर थांबला. माझ्या मनात कुणाविरुद्ध काही नाही, हे तर माझं ठेवणीतलं वाक्य. जावेला मी केव्हाच क्षमा केली होती. कशाबद्दल केली होती, ते मात्र तिथं बसल्या बसल्या आठवेना. मी बराच वेळ आठवून बघितलं. तिनं माझं काहीच केलेलं नव्हतं. तिच्या मनात माझ्याविरुद्ध काय असेल, हे आठवायला मात्र एक क्षणही लागला नाही.

घरी आल्यावर मी मनुका बाजूला ठेवल्या आणि शोकेस उघडलं. सासूबाईंचं शास्त्र तिथं नऊ वर्षं होतं, मुलाच्या ट्रॉफीच्या शेजारी. मी दर शनिवारी त्यावरची धूळ पुसायची, उघडत कधी नव्हते. माझं स्वतःचं वेगळं आहे, मोठ्या अक्षरांचं. पहिलं पान उघडलं. शेवटची नोंद माझ्या हातची, सासूबाईंच्या मृत्यूची. त्यानंतर जावेच्या मुलीचं लग्न झालं होतं, तिला मुलगा झाला होता, त्याचा बाप्तिस्मा झाला होता. पानावर त्यातलं काहीच नव्हतं. मी पुढं चाळत गेले तर जागोजागी समासात पेन्सिलीचे ठिपके. आधी दोन-दोन ओळींवर एक ठिपका. मग चार ओळींवर. मग अर्ध्या पानावर. पुढं स्तोत्रांपर्यंत येईतो दोन ठिपक्यांमध्ये अख्खं पान जात होतं. माझी जाऊ रोज दुपारी जिथं थांबायची तिथं तिनं खूण केली होती. तिचं वाचायला शिकणं त्या समासात सगळं दिसत होतं, आणि मी त्याची नक्कल करून बायकांना हसवलं होतं. मला माझीच किळस आली. जेवणाचं ताट पुढं होतं, ते मी तसंच झाकून ठेवलं.

रविवारी सकाळी उठून मनुका गॅसवर चढवल्या. मनात हिशेब तयार होता: आधी रस, मग चर्च, मग प्रभुभोजन, आणि दुपारी शांतपणे विचुंबे. सोयीचा हिशेब होता. पण पातेल्यात डाव फिरवता फिरवता माझ्या ध्यानात आलं की हातात अर्पण धरूनच मी हे ठरवते आहे. आधी कुठं जायचं हे कालच स्पष्ट सांगून झालं होतं. मी इतकी वर्षं देवाचं आधी, देवाचं आधी म्हणत होते, आणि देवानं आधी म्हणून सांगितलेलं एकच काम नऊ वर्षं मागं ठेवलं होतं. मी गॅस बंद केला. मनुका अर्धवट शिजलेल्या होत्या.

"विचुंब्याला जायचंय," मी मिस्टरांना म्हणाले. "आत्ता."

"आणि रस?"

"राहू दे."

त्यांनी लगेच किल्ली उचलली. पायात चपला सरकवल्या आणि माझ्या आधी जिना उतरले. मी पाळकसाहेबांना फोन लावला.

"साहेब, आज रस झालेला नाही. होईल की नाही तेही सांगता येत नाही. मी जावेकडे चाललेय."

मंडळीत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

"काकू, तुम्ही जा," ते म्हणाले. "आम्ही गाणी म्हणत बसतो."

प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्याकडे बायका पांढरी साडी नेसतात. मी कडक स्टार्चची पांढरी साडी नेसले होते, आणि शास्त्र पदराखाली छातीशी धरलं होतं. विचुंब्याला दार दिरानं उघडलं. मला बघून त्याच्या हातातला टॉवेल खाली पडला.

"ती भट्टीवर गेलीये, वहिनी."

"कसली भट्टी?"

"वीटभट्टी. दर रविवारी जाते चर्चच्या आधी. तुम्हाला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हतं. गावाच्या पुढं कच्च्या रस्त्यानं गेलं की ती भट्टी लागते. कर्नाळ्याच्या पायथ्याकडची कातकरी कुटुंबं तिथं येऊन राहतात आणि विटा पाडतात. आम्ही स्कूटर लावली आणि कच्च्या विटांच्या रांगांमधून चालत गेलो. पाच-सहा बायका उकिडव्या बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर तान्हं मूल. जमिनीवरच्या बारीक मातीत काडीनं अक्षरं काढलेली. समोर विटांच्या थप्पीवर माझी जाऊ, हातात पुठ्ठा निघालेलं शास्त्र, आणि ती वाचत होती. मेंढपाळ हरवलेल्या मेंढराला शोधायला जातो, तो भाग. मी थप्पीमागं थांबून ऐकलं. ती कुठंही अडखळली नाही. माझ्यापेक्षा चांगलं वाचत होती, कारण मी वाचते ती ऐकणाऱ्यांनी माझे उच्चार ऐकावेत म्हणून. तिच्या पायांवरची धूळ कुठून येते तेही मला त्या सकाळी कळलं.

एका बाईनं मला पाहिलं. "ही कोन बाय?"

जाऊ वळली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला. मग ती सावकाश म्हणाली, "माजी मोठी जाऊ हाय. चर्चमदला रस हीच करते."

रात्रभर मी चार वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी त्या लाल मातीत तिच्यासमोर बसले, साडीसकट, आणि शास्त्र तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुझं. मी चोरलं होतं," मी म्हणाले. "आणि तुझ्या वाचण्याची नक्कल करून लोकांना हसवलं. घरी केली, महिला मंडळात केली. मला क्षमा कर."

बायका टक लावून बघत होत्या. जावेनं पुठ्ठ्यावरून हात फिरवला. तिनं ते उघडलं नाही.

"शास्त्र दुसरा मिलतो, ताई," ती म्हणाली. "त्याचा मना एवढा नाय वाटला. पन तुमी हसलाव. मंडळात हसलाव ते मना दुसऱ्या दिवशी कललं. ते इथं बसलाय." तिनं छातीवर बोट ठेवलं. "रोज देवाला सांगते, हा राग काढ. नाय निघत. आनि असा राग घेऊन प्याला कसा घेऊ? देवाशी खोटा बोलल्यासारका होईल ना. म्हनून नाय घेत."

देवाशी एकही खोटं वागायचं नाही, एवढ्यासाठी ही बाई नऊ वर्षं, महिन्यामागून महिने, सगळ्यांच्या नजरा झेलत मागच्या बाकावर उपाशी बसली होती. आणि मी प्रत्येक वेळी पुढच्या रांगेत जाऊन निवांतपणे प्याले होते. मला रडू आलं. मी ते थोपवलं नाही.

"आज येशील?" मी विचारलं. "राग गेला का?"

तिनं खरोखर विचार केला. तोंडदेखलं काही बोलणं तिच्या स्वभावातच नाही.

"थोडा हाय अजून," ती म्हणाली. "पन येते. वाटेत काढीन."

मी पदर झटकत उठायला लागले, तर तिनं मला हातानं थांबवलं. "पयला यांचा धडा पुरा करते. या बाया आठवडाभर राबतात, रविवारीच मिलतात. थांबाल काय?"

तिकडे अख्खी मंडळी खोळंबली होती. आणि मी, एका मिनिटाच्या उशिरासाठी सगळ्या महिला मंडळाला धारेवर धरणारी बाई, विटांवर बसले आणि थांबले. त्या बायकांनी मातीत आपापली नावं गिरवली. एकीनं पहिल्यांदाच स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि ते पुसू नका असं सगळ्यांना बजावून सांगितलं. मग जावेनं छोटी प्रार्थना केली, तिच्या बोलीत, देवाला समोर बसवून बोलावं तशी. मला त्या प्रार्थनेत सुधारण्यासारखं काहीच सापडलं नाही.

दीर आपली मोटारसायकल घेऊन आला होता. दोन्ही गाड्या आमच्या घरी आल्या, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात शिरलो. अर्धवट मनुका पुन्हा चढवल्या, घोटल्या. रस निवायला वेळ नव्हता. कढत फडकं मला पिळवेना. जावेनं ते माझ्या हातून घेतलं आणि दोन पिळांत कोरडं केलं. मिठागरात फावडं ओढलेले हात होते ते. तेव्हापासून रस आम्ही दोघी मिळून करतो, आणि शुक्रवारीच उरकतो, म्हणजे शनिवारच्या सभेला दोघींना बसता येतं.

चर्चच्या फाटकापाशी पोचलो तर आतून गाणं ऐकू येत होतं. पाळकसाहेबांनी शब्द पाळला होता. मंडळीनं येत होती तेवढी सगळी गाणी म्हटली होती, काही दोनदा म्हटली होती. पेटीवाले काका घामाघूम झाले होते आणि तबला केव्हाचाच मागं पडला होता. आम्ही दोघी बरोबर आत शिरलो, मी लाल मातीनं भरलेल्या पांढऱ्या साडीत, हातात वाफाळणारं पातेलं, आणि ती काखेत सासूबाईंचं शास्त्र घेऊन. गाणं मध्येच थांबलं. नऊ वर्षं जे लोक आमच्याबद्दल मूग गिळून बसले होते, ते सगळे एकदम उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. मग पेटी पुन्हा सुरू झाली आणि तेच गाणं असं काही उठलं की रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले.

मेजापूर्वी शास्त्रवाचन असतं. ते वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी जावेला पुढं केलं. ती आधी नाय नाय म्हणाली, मग गेली. तिनं सासूबाईंचं शास्त्र उघडलं, शेवटचा ठिपका जिथं होता तिथं, आणि उपकारस्तुतीचं स्तोत्र वाचलं. माइकची गरज पडली नाही. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचला, तिच्या स्वतःच्या उच्चारांसह, आणि मंडळात तेव्हा माझ्या नकलेला हसलेल्या बायका डोळे पुसत होत्या. मला इतका आनंद झाला की आपण कुठं आहोत हे विसरून मी जवळपास टाळ्या वाजवणार होते.

मग आम्ही पुढं जाऊन गुडघे टेकले, ती आणि मी शेजारी शेजारी. पावाचा तुकडा तिनं घेतला आणि खाल्ला. पेला घेतला. सगळे जण प्यायले आणि रिकामे पेले तबकात ठेवू लागले. ती मात्र पेला हातात धरून तशीच राहिली, डोळे मिटून. पाळकसाहेब तबक घेऊन तिच्यासमोर थांबले. मी माझा पेला अजून ओठांना लावला नव्हता. ती प्यायली नाही तर मीही पिणार नव्हते, हे मी तिथंच ठरवलं होतं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"गेला, ताई," ती हळू म्हणाली, आणि प्यायली.